दोर धरणारी

त्या सकाळी सगळ्या मुली कड्याकडे बघत होत्या, मी मात्र रूपालीच्या हातांकडे. नववीच्या मुलींना घेऊन मी साहस शिबिराला आले होते. कडा उतरताना सानिका मध्येच थिजली होती आणि खाली तिचा दोर रूपालीने धरला होता. दोघींचा महिनाभर अबोला होता.

“मला नाही जमणार,” सानिका रडवेली झाली.

रूपालीमागे दोर धरून उभे असलेले प्रशिक्षक म्हणाले, “तिला पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. तू सांग.”

रूपालीने मान वर करून हाक दिली. “सानू, डावा पाय खाली घे. अजून थोडा. खाच लागली? टेक तिथे. मी धरलंय.”

सानिकाने पाय टेकला. मग दुसरा.

वर्गात मी दोघींना कितीदा समजावलं होतं! माना खाली घालून त्या ऐकून घेत, एवढंच. इथे एकीचा भार दुसरीच्या हातांवर आला आणि रुसवा कुठल्या कुठे गेला. माझ्या शब्दांना तेवढं वजन कुठून असणार?

सानिका जमिनीवर पोचली, तरी रूपालीची मूठ सुटेना.

“अगं, उतरले मी. सोड की आता!”

“थांब गं,” रूपाली म्हणाली, “आधी नीट उभी राहा.”