चुलत्यांचं लाल काठाचं उपरणं

"बंद कर ते, न्हाईतर आत्ताच कुलूप ठोकतो!" चुलत्यांचा आवाज कळमनुरीतून पार औंढ्यापर्यंत गेला असेल, तापलेल्या वायरींचा वास आला की मला तो अजून ऐकू येतो. त्यांच्या गाळ्यात एकानं कॉम्प्युटरवर गेम खेळायचं दुकान टाकलं होतं, आणि गेममधल्या एका भिंतीमागं उघडी बाई लपवलीय, अशी बोंब गावभर झाली होती. दुकानदारानं माऊसनं भिंत सरकवून दाखवली. बाई होती, पाठमोरी. चुलत्यांनी लाजून खांद्यावरचं उपरणं कॉम्प्युटरच्या पडद्यावर फेकलं. ते खाली पडलंच नाही, आत गेलं. भर दुपारी दुकान विहिरीसारखं गार पडलं, आणि तेच लाल काठाचं उपरणं पांघरून बाई हळूहळू आमच्याकडं वळायला लागली. चुलत्यांची तर मिशीच पांढरी झाली. दुकानदार म्हणाला, "आता अंगावर कपडा हाय, काका. कुलूप काहून लावता?"