मकारीची दाढ

“स्टील कुत्र्याला घालता येत नाही,” असं नास्तास्या एकदा म्हणाली होती. त्याला बारा वर्षं झाली.

अलास्कातल्या कुस्कोक्विम नदीकाठच्या या गावात दात बघणारी ती एकटीच. पोरांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर ती स्टीलच्या टोप्या बसवते. पोरं हसली की तोंडं चमकतात. अशी दाढ पडली की टोपी उचकटायची, दाढ सुक्या माशात गुंडाळून कुत्र्यापुढे टाकायची. मग नवी दाढ कुत्र्याच्या दाढेसारखी बळकट येते.

तिच्या स्वतःच्या मुलाची, मकारीची दाढ पडली तेव्हा टोपी निघेना. तिनं आयुष्यात बसवलेली ती पहिली टोपी. तिनं फारसा जोर लावलाही नाही. स्टीलचं तेच कारण सांगून दाढ तशीच औषधाच्या बाटलीत ठेवली. त्याच हिवाळ्यात मकारीच्या पायाखाली नदीवरचा बर्फ फुटला. दहा वर्षांचा होता. सापडला नाही.

वसंतात शेजारच्या अगाफ्याला नातू झाला. गेलेल्याचं नाव पुढच्या जन्मणाऱ्याला द्यायचं, म्हणजे तो परत येतो. म्हणून हाही मकारी. नास्तास्याला आईच म्हणतो.

आज तो खुर्चीत आ वासून बसला होता. खालची डावी दाढ पडून वर्ष झालं, तरी जागा रिकामीच. तिच्या मकारीच्या दाढेचीही तीच जागा. नास्तास्याच्या हातातला आरसा तिथंच थांबला.

“कशी येईल?” अगाफ्या दारातून म्हणाली. “आधीची तू बाटलीत कोंडून ठेवलीयस.”

“काहीतरीच काय म्हातारे! एक्स-रेत दिसतेय आत. येईल सावकाश.”

“दिसतेय ना? मग अडलीय कुणापायी? पोराला पुरता येऊ तरी दे गं.”

“येईल म्हटलं ना!”

मकारीनं तोंड मिटलं. जिभेनं ती जागा चाचपली.

“आई, मी बुडालो तेव्हा पण इथं भोकच होतं का गं?”

बाहेर कुत्र्याची साखळी वाजली.

नास्तास्यानं फळीवरची बाटली काढली. दाढ पक्कडीत धरली. टोपी पहिल्याच दाबाला निघाली. आतली पिवळी दाढ तांदळाच्या दाण्यासारखी हलकी होती. गेलेल्या मकारीचं म्हणावं असं तिच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. तिनं डब्यातला सुका मासा फाडला, दाढ त्यात गुंडाळली. टोपी टेबलावर ठेवली, आणि ती बाहेर गेली.