बशीरचाचा, आजचा दिवस तुमचा

तर चाचा, कंपन्या तुमच्या लाल बावट्यामुळंच पळून जातात, हे मी अजूनबी म्हणतो.

द्या ना उत्तर.

नेहमी तर लगेच द्यायचात.

आमचे हर्सूलचे शेजारी बशीरचाचा आज पहाटे गेले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर मातीबी झाली.
मी इथं लांब दक्षिणेत, होसूरला. कंपनीच्या लाइनवर.

चाचा वाळूजच्या कंपनीत फिटर होते. युनियनवाले. मला हेल्पर म्हणून तिथं त्यांनीच चिकटवलं. अन् रोज कंपनीच्या बसमध्ये आमचं भांडण.

"विलायतेत पहिल्या गिरण्या निघाल्या ना विक्या, तवा लेकरंबी अंधारापासून अंधारापर्यंत राबायची. आठ तास काय मालकानं खुशीनं दिले? भांडून घेतले. समाजवाद म्हणजे दुसरं काय असतं रे?"

"भांडवल मालकाचं, मशीन मालकाची. ज्याला परवडत नाय त्यानं जावं. गेटवर वीस जण उभेत."

"ते वीस काय चंद्रावरून आले? आपलेच हायत."

अख्खी बस हसायची. मला वाटायचं, चाचांना हसतेत.

त्यांची एक रीत होती. कामगार वारला की सुटीच्या टायमाला गेटबाहेर त्याच्या घरच्यांसाठी रुमाल पसरायचा. प्रत्येकानं एका दिवसाची मजुरी टाकायची. ऑपरेटरनं त्याची, झाडूवाल्यानं त्याची.

"पैशे बराबर नसतात. दिवस बराबर असतो."

एकदा पॅकिंगचा एक माणूस वारला. मी म्हणलो, मी कॉन्ट्रॅक्टवाला, माझा काय संबंध?

"मरनेवाला भी कॉन्ट्रॅक्टवालाच था, बेटा."

मी विसाची नोट टाकली. चाचांनी ती उचलून परत माझ्या खिशात घातली.
"भीक नको. दिवस देतो तर दे."

नाय दिला.

आज सकाळी सुपरवायझरला म्हणलं, सुट्टी द्या, निदान तिसऱ्या दिवशीच्या जियारतला तरी पोचतो.

"कौन लगता है तेरा?"

"पडोसी."

चाचा, मी पडोसी म्हणलो.

"जा. वापस मत आना. गेट पे बीस लोग खड़े हैं."

बाजूला चौघं काम करत होते. एकानंबी मान वर केली नाय.
मी तरी त्यांच्यासाठी कवा केली? मागं त्यांच्यातल्याच एका पोराचं बोट मशीनमध्ये गेलं. त्याला बाहेर नेत होते, तवा लाइन थांबू नये म्हणून त्याच्या जागेवर मीच जाऊन उभा राहिलो. कुणी सांगितलंबी नव्हतं.

आजबी तसाच उभा राहिलो.
तिकडं तुम्हाला खांदा देत होते तवा मी स्क्रू मारत होतो.

भांडण अर्धंच राहिलं चाचा. बावट्याचं मला अजून पटलेलं नाय. पण आज माझ्या बाजूनं बोलायला तुमच्यासारखा एक माणूस पाहिजे होता, अन् तसा माणूस मी कुणासाठीच झालो नाय.

अल्लाह तुम्हाला जन्नतमध्ये जागा देवो.

इथं रुमाल कुणी पसरत नाय. म्हणून चाचीच्या नंबरवर टाकतोय.
भीक नाय. आजचा दिवस हाय, बारा तासांचा, पुरा.

सहाशे चाळीस रुपये.