लताबाईंच्या अंगात आलेली देवी
वणीच्या आमच्या गल्लीत लताबाईंच्या अंगात देवी आली ती एका मंगळवारी, आरती चालू असताना. चेहरा लालबुंद झाला, घामाच्या धारा लागल्या, छाती धडधडायला लागली. बायकांना एवढं पुरे झालं. कुणी मळवट भरला, कुणी पायांवर पाणी घातलं. बाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या, पाळी चाळिशीतच गेलेली.

मी त्यांची शेजारीण, म्हणून खरं सांगते. पहिल्या मंगळवारी त्यांनाही वाटलं, ही देवीच. दुसऱ्या मंगळवारी तसं वाटलं नाही, पण त्या बोलल्याही नाहीत. बोलतील कशाला? ज्या निवृत्तीभाऊंनी वीस वर्षांत स्वतःचं ताट उचललं नव्हतं, ते बायकोला वारा घालू लागले. रात्री झोप लागत नाही म्हटलं, की देवीचं जागरण म्हणून सकाळी कुणी उठवत नसे. चिडचिड केली तर लोक हात जोडत. असं सुख कुणाला नको?

मग बाई पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. दवाखान्यातल्या पल्लवी डॉक्टरांनी सगळं खोदून विचारलं. "पाळी गेली की अशा गरम वाफा येतात, झोप उडते, हाडंही ठिसूळ होतात. तुमची लवकर गेली, त्याला तुम्ही दातांना लावता ती तंबाखूची मिश्रीही कारण असेल. सोडा आधी." निघताना त्या आणखी म्हणाल्या, "पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, तर मात्र एक दिवसही घरी बसायचं नाही. कॅन्सरही असू शकतो."

लताबाईंना लगेच घरचं आठवलं. थोरली जाऊ धोंडाबाई छप्पन्न वर्षांची, पाळी जाऊन पाच वर्षं झालेली आणि दोन महिन्यांपासून तिला पुन्हा लाल जात होतं. तिचा नवरा सहादूभाऊ म्हणे, "उष्णता हाय, ताक पी." लताबाईंनी निवृत्तीभाऊंना सांगून पाहिलं. "तुला लय कळतं," एवढंच उत्तर मिळालं. थोरल्या दिरासमोर तर त्यांनी आजवर पदरही ढळू दिला नव्हता, बोलणं दूरच.

पुढच्या मंगळवारी वाफ येईना. बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन दोन लवंगी मिरच्या कराकरा चावल्या आणि घामाघूम होऊन, केस मोकळे सोडून बाहेर आल्या.

"ए सहाद्या!"

गल्ली गार पडली. धाकटी भावजय थोरल्या दिराला अशी हाक मारते!

"उद्या धोंडीला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. नाय नेलं, तर..." पुढचं त्यांना सुचेना. "तर माझ्याशी गाठ हाय!"

सहादूभाऊंनी तिथेच लोटांगण घातलं. सकाळच्या पहिल्या एसटीने दोघं गेले. पिशवीचा कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, धोंडाबाई घरी आल्या.

लताबाईंनी जावेचे पाय धरले. रडू आवरेना. "आक्का, देवी नव्हती वो. मी खोटं बोलले."

"मला पयल्यापासून ठाऊक हाय," धोंडाबाई हसल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पर लते, तू नुसती लता ऱ्हायली असती, तर ह्यांनी मला नेलं असतं का?"