सवाष्णीचे पाय

मी रावेरला केळीच्या गाड्या भरते. केळीचा चीक पायावर पडला की काळा डाग धरतो, साबणाने जात नाही. माझी जाऊ राहते जळगावला, मेहरूणात. तिच्या मऊ टाचा पाहून माझा नुसता जळफळाट होतो. फरशीवरून चालायचं, मग काय होतंय!

नवरात्रात सवाष्ण म्हणून आम्ही दोघी पाटावर बसलो. त्या दिवशी सुनेलाही देवी मानतात. सकाळीच मी वजरीने पाय सोलून काढले होते. सासूबाईंनी जावेच्या पायांवर पाणी घातलं, पुसले, झालं. माझे मात्र अंगठ्याने एकेक डाग चोळत कितीतरी वेळ धूत बसल्या. मी लाजेने मेले.

मान वर केली, तर जाऊ सासूबाईंच्या अंगठ्याकडे बघत होती. मी तिच्या टाचांकडे बघते, अगदी तशीच.