हिंगोलीत लायब्ररी हरवली तेव्हा

कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते, तेव्हा नांदेडच्या मैत्रिणीने मला विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी दिली. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी ती मोठ्या उत्साहाने चढवली. पहिला प्रोग्राम लिहून, तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला दिला, तर तो अडूनच बसला. ज्या लायब्रऱ्यांच्या, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या, जोरावर प्रोग्राम चालतो, त्याच सापडेनात.

एसटीतून निवृत्त झालेले बाबा मागे उभे होते.

"काय म्हणून राहिलं ते?"

"लायब्ररी न्हाई म्हणतंय."

"मंग तू काहून रडून राहिलीस? गावात हाय की."

मी समजावून सांगेपर्यंत बाबा चप्पल घालून गेलेसुद्धा. वाचनालयातल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी सभासद व्हावं लागेल म्हणून सांगितलं. बाबा सभासद होऊन, टायपिंगचं एक पुस्तक घेऊन परतले.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, लायब्रऱ्या दुसऱ्या सीडीवर आहेत. ती माझ्याकडेच राहिली."

बाबांनी लगेच डेपोत ओळख काढली आणि सीडी नांदेडच्या गाडीने मागवली. आम्ही दोघं स्टँडवर जाऊन थांबलो. गाडी आत वळली, तशी तिच्या समोरच्या काचेत काहीतरी लखलखलं. लिंबू-मिरचीशेजारी माझी सीडी दोऱ्याला लटकून गोल गोल फिरत होती.

"कागदात व्हती, पण इतकी चकाकत व्हती की लावली समोर," ड्रायव्हरकाका कौतुकाने म्हणाले. "वारंगा फाट्यावर लोकं वळून वळून बघत व्हते."

"आवो, लेकराची लायब्ररी हाय ती!" बाबा ओरडले.

काकांनी ती सोडवून उलटीसुलटी पाहिली. "एवढुशीत? पुस्तकं कुठं हायेत?"

परत देणं त्यांच्या जिवावर आलं होतं. बाबांनी त्यांना चहा पाजला.

सीडीवर मिरचीचा डाग होता, ओरखडेही होते. ओढणीने पुसून आत घातली. ड्राइव्ह बराच वेळ खरखरला, पण सगळं सामान उतरलं. पुन्हा प्रोग्राम कंपाइल केला. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही.

"काय म्हणालं?"

"काहीच न्हाई. चूक असती तर बोललं असतं. म्हणजे झालं, बाबा!"

"काहीच न्हाई म्हणालं तर झालं कसं?" बाबांचा माझ्यावरचा विश्वास उडालेला स्पष्ट दिसला.

मी प्रोग्राम चालवला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत नमस्काराची एक ओळ उमटली. बाबांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली आणि आईला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, वाकून पाहिलं.

"झालं न्हवं? मंग बंद कर," ती म्हणाली. "लाईट जायची येळ झाली."