तळवड्याच्या शेडमधली भोसरीची खोली

चिमाजी ठुबे पस्तीस वर्षं फाउंड्रीत होते, पण हातात कायम रंधा आणि पटाशी. जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात, आणि ते काम चिमाजींचं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा करायचा. त्यासाठी त्यांची मोजपट्टीच मुळात जराशी लांब असे.

कंपनीच्या स्पर्धेतल्या नाटकासाठी त्यांनी पहिली चौकट केली, ती सवयीनं याच पट्टीनं. दार केलं दुसऱ्या सुतारानं, साध्या टेपनं. प्रयोगात कडी पोचेना, दार आपोआप उघडू लागलं. म्हाताऱ्या बापाचं काम करणारा फिटर भिवा सगळा अंकभर पाठीनं दार रेटून उभा राहिला. परीक्षकांना वाटलं, काय ताकदीचा अभिनय आहे! भिवाला बक्षीस मिळालं, आणि चिमाजी कंपनीचे कायमचे नेपथ्यकार झाले.

पुढं वीसेक वर्षं दर दिवाळीनंतर हेच. पहिली शिफ्ट सुटली की पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या जमवायच्या, त्यांच्या चौकटींवर मांजरपाट ताणायचं, त्याला खळ लावायची. कुणी रंग घोटतंय, कुणी संवाद घोकतंय, मध्येच कुणीतरी चहाची किटली घेऊन येतंय. मग स्पर्धेला जाणं थांबलं. पॅटर्नही संगणकावर व्हायला लागले. चिमाजी निवृत्त झाले आणि तळवड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

गेल्या वर्षी भिवाची नात स्वरूपा त्यांच्याकडे आली. ती तिथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरीला होती.

"काका, आम्ही नाटक बसवतोय. चौऱ्याऐंशी साल, गावाकडून नवीन आलेलं जोडपं, भाड्याची एक खोली. आजोबा म्हणाले, चिमाजीलाच गाठ."

चिमाजींना कागदसुद्धा लागला नाही. त्याच साली लग्नानंतर पारनेरहून ते सगुणाबाईंना घेऊन भोसरीत आले होते, आणि ती खोली त्यांच्या डोळ्यांपुढं लख्ख होती. एका बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये त्यांनी पंधरा दिवस काम केलं. कोनाडा, मोरी, पत्र्याची ट्रंक, दोरीवरचा खाकी युनिफॉर्म. भिंतीला निळसर चुना, त्यावर स्टोव्हच्या काजळीचा डाग. मधोमध ऐसपैस खिडकी, तिच्यातून तिरीप थेट स्टोव्हपर्यंत. दिग्दर्शक निरंजन खूश झाला. "नायिका इथं उभी राहिली की प्रकाश अस्सा येईल!"

रविवारी चिमाजी कौतुकानं सगुणाबाईंना दाखवायला घेऊन आले. त्यांनी डाग पाहिला, ट्रंकेवरून हात फिरवला, आणि खिडकीपाशी थबकल्या.

"ही कुणाची खोली?"

"अगं, आपलीच. भोसरीची."

"आपल्या खोलीला एवढी खिडकी कुठं व्हती? वितभर झरोका व्हता वर, मोरीवर. डबा पालथा घालून उभं ऱ्हायलं तर पलीकडचा रस्ता दिसायचा. आन् भिंत एवढी लांब नव्हती. हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती लागायच्या."

"उजेड यायचा गं चांगला."

"तुमी घरात असायचा त्या टायमाला दार उघडं असायचं. दार लावून दिवसभर मी बसायची, अवो. मला ठावं न्हाई व्हय?"

चिमाजी खिडकीकडं पाहत राहिले. त्या खोलीची आठवण त्यांनी किती जणांना रंगवून सांगितली होती. त्यातले सगळे दिवस सुटीचे होते, हे त्यांच्या आज ध्यानात आलं.

"तू कधी बोलली न्हाईस."

"बोलून काय खिडकी मोठी झाली असती?" सगुणाबाई हसल्या. "वंगाळ नव्हते दिस. डब्यावर चढून तुमची सायकल वळणावर दिसली की मी च्या ठेवायची. तुमाला वाटायचं, ही रोज बरोबर टायमाला कशी ठेवती!"

चिमाजींनी तिथल्या तिथं पेन्सिल काढली. निरंजन कुरकुरला, प्रकाशयोजना सगळी बदलेल म्हणाला. स्वरूपा त्याला म्हणाली, "बदलू दे ना." चिमाजींनी भिंत करवतीनं कापली, दोन्ही बाजू आत ओढल्या, खिडकी बुजवून वर झरोका पाडला. या वेळी माप घेतलं ते सगुणाबाईंच्या पसरलेल्या हातांनी. त्या मध्ये उभ्या राहिल्या आणि चिमाजी जमिनीवर खडूच्या खुणा करत गेले.

प्रयोग चिंचवडला झाला. दुसऱ्या अंकात नायिका डब्यावर चढली, टाचा उंचावून तिनं झरोक्यातून बाहेर पाहिलं. तिच्या कपाळावर तेवढाच उजेडाचा चौकोन. एवढंच करून ती खाली उतरली आणि स्टोव्हला पंप मारू लागली. अंधारात चिमाजींनी शेजारी पाहिलं. सगुणाबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, ते कळेना.

पुढचा प्रयोग तळेगावला ठरला. टेम्पोत सामान चढवताना सगुणाबाई स्वतः हजर होत्या. स्वरूपानं आणलेला स्टीलचा तांब्या त्यांनी बाजूला काढला आणि घरून आणलेला पितळी आत ठेवला.

"आन् ती पोरगी पंप उलटा मारती," त्या ड्रायव्हरशेजारी चढून बसत म्हणाल्या. "तिला जरा दाखवायला पायजे."

चिमाजी मागं, भिंती धरून बसले.